एक्लिप्सचा पोटशूळ आणि म्हाताऱ्या घोड्याची चंदी

१ एप्रिल १७६४ रोजी इंग्लंडमधून सूर्यग्रहण दिसले. त्या ग्रहणाच्या वेळी जन्मलेल्या एका शिंगराचे नाव ‘एक्लिप्स’, म्हणजेच ग्रहण, असे ठेवण्यात आले. पुढे हा घोडा १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. फेब्रुवारी १७८९ मध्ये, पंचविशीच्या उंबरठ्यावर, तो पोटशूळाने मेला.

त्याच्या शरीराचे विच्छेदन सेंबेल या फ्रेंच पशुवैद्याने केले. फ्रान्समध्ये ल्यों येथे १७६१ साली पशुवैद्यकाची पहिली शाळा स्थापन झाली होती. तो तिथला विद्यार्थी. एक्लिप्सचे हृदय १४ पौंड, म्हणजे सुमारे ६.३ किलो भरले. या कामामुळे सेंबेलचे नाव झाले आणि १७९१ साली लंडनमध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हा तो तिथला पहिला प्राध्यापक झाला. तोवर घोड्यांचे औषधपाणी मुख्यतः नालबंदांच्या हाती होते. पोट दुखले की रक्त काढायचे आणि जुलाब द्यायचा, अशी तेव्हाची रीत होती.

सर्वांचे लक्ष वेधले ते हृदयाने. म्हाताऱ्या घोड्याचे पोट का बिघडते, याचे उत्तर मात्र आतड्यात आणि दातांत होते.

पोटशूळ हा एक आजार नव्हे, ते लक्षण आहे. घोड्याच्या अंगाच्या मानाने त्याचे जठर अगदी लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचे. शिवाय त्याला उलटी होत नाही. म्हणून तो मुळात दिवसभर थोडेथोडे चरणारा प्राणी आहे. गवतातले सेल्युलोज पचवण्याचे काम मागच्या बाजूला, अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात चालते. तेही घोडा स्वतः करत नाही, सूक्ष्मजीव करतात. शाकाहारी प्राण्यांच्या पचनमार्गात असे असंख्य जीव असतात, हे पॅरिसमध्ये ग्रुबी आणि देलाफाँ यांनी १८४३ साली नोंदवले. पुढच्या काळात त्यांचे कार्य उलगडत गेले.

आता दात पाहू. घोड्याच्या दाढा वर्षाला सुमारे २ ते ३ मिलिमीटर झिजतात आणि तितक्याच हिरडीतून वर येत राहतात. पंचविशी-तिशीच्या सुमारास हा साठा संपतो. मग गवत नीट चघळले जात नाही. लांब काड्या तशाच आतड्यात जातात आणि जिथे मोठे आतडे वळण घेऊन अरुंद होते, तिथे अडकतात.

घोडा वाळू लागला की मालक मायेने चंदी वाढवतो. इथेच घात होतो. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मागे जातो, तिथे तो झपाट्याने आंबतो, आम्ल वाढते आणि गवत पचवणारे सूक्ष्मजीव मरतात. आपल्याकडे हरभरे भिजवून देण्याची पद्धत आहे. भिजवल्याने दाणा मऊ होतो, पण त्यातला स्टार्च कमी होत नाही. आठवड्यातून एकदा गव्हाच्या कोंड्याची आंबोण देण्याची इंग्रजी प्रथाही अशीच. एका दिवसाचा हा बदल सूक्ष्मजीवांना मानवत नाही; आणि कोंडा रोज दिला, तर त्यात फॉस्फरस जास्त व कॅल्शियम कमी असल्याने हाडे कमकुवत होतात.

मग करावे काय? आधी दात तपासून घ्यावेत. लांब वैरणीऐवजी बारीक कुट्टी किंवा साखर काढलेला बिटाचा चोथा पाण्यात भिजवून द्यावा. दिवसाचे खाणे चार-पाच वेळांत वाटावे. कोरड्या वजनाने पाहता चारा शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून कमी नसावा. म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ किलो. पाणी भरपूर असावे, थंडीत कोमट. खाण्यातला कोणताही बदल सात ते चौदा दिवसांत हळूहळू करावा. हे सारे पोटशूळ टाळण्यासाठी आहे. घोडा पोटाकडे वळून पाहू लागला, लोळू लागला, तर खाणे काढून घ्यावे आणि तातडीने पशुवैद्याला बोलवावे.

विद्यार्थ्यांना गावातल्या टांग्याच्या किंवा वरातीच्या घोड्याची लीद आणि गाईचे शेण शेजारी ठेवून पाहायला सांगावे. गाय रवंथ करते, म्हणून शेणातले तंतू बारीक असतात. घोडा एकदाच चघळतो, त्यामुळे लिदीत काड्या दिसतातच. एखाद्या घोड्याच्या लिदीत त्या नेहमीपेक्षा लांब दिसू लागल्या, तर त्याचे दात तपासण्याची वेळ झाली आहे, असे समजावे.