रेल्वेतला समुद्र, नळीतला उजेड

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली ‘जलदूत’ धाराशिववरून लातूरला पोचली, तेव्हा रेल्वेने पाणी आणावं लागतं याचं देशाला नवल वाटलं. विल्यम अल्फर्ड लॉइडला वाटलं नसतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने 1871 साली उभारलेल्या मत्स्यालयासाठी समुद्राचं पाणी ब्रायटनहून रेल्वेनेच आलं होतं. इतक्या सायासाने आणलेलं पाणी फेकणार कोण? लॉइडने ते जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदांत साठवलं आणि पंपाने टाक्यांतून फिरवत ठेवलं.

पाणी स्वच्छ ठेवायला त्याची भिस्त अंधारावर होती. उलट 1877 मध्ये डाऊन्स आणि ब्लंट या दोघांनी दाखवलं, की उन्हात ठेवलेल्या नळ्यांत जंतूंची वाढ खुंटते. 1910 साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पाऱ्याच्या अतिनील दिव्याने पिण्याचं पाणी निर्जंतुक करून पाहिलं गेलं. पण दिवे महाग आणि बेभरवशाचे. क्लोरीनने बाजी मारली. माशांना मात्र तेच क्लोरीन विष. त्यामुळे मागे पडलेल्या अतिनील दिव्याला मत्स्यालयांत जागा मिळाली.

मुंबईत 1951 मध्ये उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला पाणी आणायची यातायात नव्हती, समुद्र समोरच होता. योगायोग असा, की समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठवणाऱ्या परजीवीचं ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ हे नावही 1951चंच.

धाराशिवमध्ये घरी समुद्री टाकी मांडायची तर आता रेल्वे नको. कृत्रिम समुद्रजलाची कृती फिलिप गॉसने 1854 मध्येच मांडली होती; तयार मीठ आज पुडक्यात मिळतं. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम धरलं, तर 100 लिटरला साडेतीन किलो. बोअरच्या जड पाण्यात ते कालवू नये, आधी आरओ हवा.

पुढे अतिनील दिव्याची नळी येते: क्वार्ट्झच्या आवरणात दिवा, भोवतीने हळू वाहणारं पाणी आणि 254 नॅनोमीटरचे किरण. ते जंतूंच्या डीएनएवर घाव घालतात. साधारण वर्षभराने दिवा निळाच दिसतो, पण मारकपणा ओसरलेला असतो. तो बदलायलाच हवा. विक्रेते तिला रामबाण म्हणतात, ते फुकाचं. नळीतून गेलं तेवढंच मरतं. त्या परजीवीच्या गाठी वाळूला चिकटून फुटायची वाट पाहतात, तिथे उजेड पोचतच नाही. म्हणून जाणते हौशी नवा मासा आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात, मग नळी कितीही वॅटची असो.