उपाहारगृहातील वाईनची निवड : शिर्डी–नाशिक परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शिर्डीला येणाऱ्या भाविकांचे दोन प्रमुख मार्ग द्राक्षबागांच्या प्रदेशातून जातात. मुंबईकडील भाविक नाशिक–सिन्नरमार्गे येतात, तर पुण्याकडील अनेकजण नारायणगाव–संगमनेर–लोणीमार्गे. महाराष्ट्रातील वाईननिर्मितीची दोन महत्त्वाची केंद्रे नेमकी याच मार्गांवर उभी राहिली. शिर्डीतील जेवण मात्र तीर्थक्षेत्राला साजेसे, मुख्यतः शाकाहारी आणि मद्यविरहित असते. एकाच प्रवासात येणाऱ्या या दोन परंपरांमुळे एक प्रश्न उपस्थित होतो. उपाहारगृहात जेवणासोबत वाईन निवडण्याची मोकळीक मराठी माणसाला केव्हा व कशी मिळाली? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. रुचीपेक्षा कायद्याने आणि भाषेने ही निवड अधिक घडविली, असे दिसून येते.

परवान्यापासून परमिट रूमपर्यंत :

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्य बाळगणे व पिणे हा परवान्याचा विषय केला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली. परंतु परवान्याची चौकट कायम राहिली व ती आजही कागदोपत्री अस्तित्वात आहे. या चौकटीतूनच ‘परमिट रूम’ जन्माला आली. मंद प्रकाश, पडदे, चकणा आणि मापाने येणारी व्हिस्की किंवा रम हे तिचे ओळखीचे रूप होय. अशा जागी कुटुंबासह जेवावयास जाण्याची कल्पनाच सामान्य घरात मान्य नव्हती. म्हणून फलकावर ‘फॅमिली रूम स्वतंत्र’ असे लिहावे लागे. जेथे मद्य हे जेवणाचा भाग नसून जेवणापूर्वीचे उरकून घ्यावयाचे काम होते, तेथे कोणत्या पदार्थासोबत कोणती वाईन, हा प्रश्न संभवतच नव्हता.

भाषेनेही यात भर घातली. महाराष्ट्रात ‘वाईन शॉप’ म्हणजे सर्व प्रकारच्या मद्याचे दुकान. त्यामुळे ‘वाईन’ हा शब्द द्राक्षाशी जोडला जाण्याऐवजी बाटलीशी जोडला गेला. याउलट ‘द्राक्षासव’ हा शब्द वैद्यांनी आपल्याकडे ठेवला आणि त्या नावाची बाटली अनेक सोवळ्या घरांतही औषधाच्या कपाटात निःसंकोच उभी राहिली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात तर मद्याचा संबंध प्रामुख्याने उसाशी आहे. साखर कारखाना, मळी आणि आसवनी ही येथील परिचित साखळी. श्रीरामपूर तालुक्यातील टिळकनगर येथील उद्योगाची ‘मॅन्शन हाऊस’ ब्रँडी देशभर पोहोचली. द्राक्षाची वाईन या साखळीबाहेरची होती.

बागेतून टेबलापर्यंत :

१९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाईन तयार केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशात गेली. देशात ती मोठ्या शहरांतील पंचतारांकित हॉटेलांपुरती मर्यादित राहिली. या उद्योगसमूहाचा पुढे कर्जाच्या ओझ्याखाली अस्त झाला. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षजातींची त्यांनी केलेली निवड पुढे महत्त्वाची ठरली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. नाशिक जिल्ह्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क स्थापन झाले. विंचूरहून येवला–कोपरगावमार्गे जाणारा रस्ता थेट शिर्डीला पोहोचतो, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

येथील वेल युरोपातल्याप्रमाणे हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च या काळात काढणी, असा त्याचा क्रम असतो. परिणामी फेब्रुवारीत खुडलेल्या द्राक्षाची पांढरी वाईन बहुधा त्याच वर्षाच्या उत्तरार्धात टेबलावर येऊ शकते. जुनी वाईन तेवढी उत्तम, हा समज येथे दिशाभूल करणारा आहे. यादीतील पांढऱ्या वाईनचे वर्ष जितके अलीकडचे, तितकी ती सामान्यतः ताजी असते.

थाळी आणि पेला :

युरोपीय भोजनात पदार्थ एकामागून एक येतात, त्यामुळे आधी पांढरी व नंतर लाल वाईन हा क्रम सहज बसतो. मराठी थाळीत आमटी, भरले वांगे, कोशिंबीर, लोणचे आणि गोड पदार्थ एकाच वेळी वाढलेले असतात. वाईनच्या पाश्चात्त्य नियमांची खरी अडचण येथे आहे. लाल वाईनमधील तुरटपणा तिखटाशी भिडला की दोन्ही अधिक बोचतात. काळ्या मसाल्याच्या रश्श्यासोबत हे विशेष जाणवते. किंचित गोडसर शेनिन ब्लां मात्र थंडगार दिल्यास तिखट, आंबट आणि गोड या तिन्हींना सांभाळून घेते. संपूर्ण थाळीसाठी एकच वाईन निवडावयाची झाल्यास ती अधिक सोयीची ठरते.

तपमानाचा प्रश्नही स्थानिक आहे. लाल वाईन ‘खोलीच्या तपमानाला’ द्यावी हा नियम थंड देशांतील खोलीसाठी आहे. एप्रिलमधील सिन्नर वा कोपरगावच्या खोलीसाठी नव्हे. १६ ते १८ अंश सेल्सिअस हे तिचे योग्य तपमान. त्यामुळे लाल वाईनही थोडा वेळ बर्फाच्या बादलीत ठेवण्यास सांगण्यात कमीपणा नाही. वाढपी प्रथम पेल्यात घोटभर वाईन ओततो, तो घोट आवडनिवड सांगण्यासाठी नसून वाईन बिघडलेली नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. उकाड्यात नीट न साठविलेल्या बाटलीला शिरक्याचा वास येऊ शकतो. ती परत करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. बुचाऐवजी फिरकीचे झाकण आले म्हणून वाईन हलकी समजण्याचेही कारण नाही. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले भरतात, एवढा हिशेब केला तरी पेल्याने घ्यावी की बाटलीने, हे ठरविणे सोपे जाते.

विरोध आणि तीर्थक्षेत्र :

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीस मान्यता दिली. द्राक्ष उत्पादकांच्या हिताचे कारण देण्यात आले. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि फेब्रुवारीत ग्रामसभेच्या आग्रहानंतर तो मागे घेतला. निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. हा विरोध केवळ जुनाट मनोवृत्तीचा म्हणून झटकणे योग्य नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्या गावाने पाहिली, त्याला ‘वाईन’ हा शब्द दुकानाच्या फलकावरूनच ठाऊक होता. दुसरीकडे, वाईनची द्राक्षे लावून कारखान्याशी करार केलेल्या शेतकऱ्याचा प्रश्नही तितकाच खरा आहे.

धार्मिक स्थळांजवळील दुकानांना त्या निर्णयातही परवानगी नव्हती. म्हणजे तो अमलात आला असता तरी मंदिर परिसरात काहीच बदलले नसते. शिर्डीत प्रसादालयाच्या पंगतीत बसणारा भाविक पाण्याचा पेलाच उचलतो. तेच कुटुंब परतीच्या वाटेवर नाशिकला थांबते. २००५ मध्ये सुलाने तेथे सुरू केलेल्या चवकक्षात वाईनचे लहान लहान पेले क्रमाने पुढे येतात आणि कोणते द्राक्ष, कोणते वर्ष, हे समजावून सांगितले जाते. पडदा लावलेल्या खोलीत न बसता, खिडकीतून वेली दिसत असताना, सून आणि सासरे एकाच टेबलावर यादी वाचतात. सासरे बहुधा लिंबू सरबत मागवतात.