पाऊस पडला, पण आकडा पोचला का?



आपल्या महसूल मंडळातले हवामान केंद्र तुम्ही येता-जाता पाहिलेच असेल. कुंपणात एक खांब, वर गरगर फिरणाऱ्या वाट्या, अंगावर एक लहानशी सोलर प्लेट. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई ठरते ती याच केंद्राच्या आकड्यांवर. तेव्हा ऐन पावसात आकडा कोराच आला, तर बागायतदाराच्या पोटात गोळा येणारच. पण आकडा आला नाही म्हणजे पाऊस नोंदलाच गेला नाही, असे मात्र नव्हे. नोंद घेणे हे एक काम आणि ती पोचवणे हे दुसरे. ही गोष्ट फार जुनी आहे, बरं का.

हवामान खाते स्थापन झाले १८७५ साली. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. त्या काळी निरीक्षक सकाळी मोजपात्रात पाऊस मोजून वहीत लिहीत आणि तारेने आकडे कळवीत. तार तुटली तरी वहीतला आकडा शाबूत राही. पुढे आपोआप नोंद करणारे पर्जन्यमापक आले. घड्याळावर फिरणारा कागद आणि त्यावर शाईची टाक. चावी द्यायची राहिली किंवा शाई वाळली, की त्या दिवसाची रेघ गेली ती गेलीच.

माणसावाचून दूरचे आकडे मिळावेत ही सोय इन्सॅट उपग्रहांनी केली. पण पहिल्याच पावलाला ठेच लागली! इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये सुटला. त्याची एक अँटेना अडकली, ती खटपटीने मोकळी केली; तोल राखणारे शीड मात्र उघडले नाही, आणि सप्टेंबरात उपग्रह निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये सुटलेल्या इन्सॅट-१बी चा सौरपंखाही काही दिवस उघडेना. अखेर तो उघडला आणि त्या उपग्रहाने अनेक वर्षे सेवा दिली. म्हणजे वीज आणि अँटेना ही दुखणी आकाशातसुद्धा चुकली नाहीत. मग आपल्या शिवारातल्या खांबाला ती चुकतील कशी?

त्या दशकात देशभर अशी शंभर केंद्रे उभी राहिली. पुढे २००६-०७ मध्ये आणखी १२५ आली. यांतल्या काही केंद्रांची युक्ती मोठी मजेची होती. केंद्राला फक्त बोलता येते, ऐकता येत नाही. आपला निरोप पोचला की दुसऱ्याच्या निरोपावर आदळला, हे त्याला कळायचे कसे? म्हणून तेच आकडे तासात तीनदा, वेगवेगळ्या क्षणी पाठवायचे. एखादा तरी पोचतोच. २०१७ पासून आपल्या राज्यात महसूल मंडळांत जी केंद्रे आली, ती मोबाईलच्या जाळ्यावरून आकडे धाडतात.

आता बिघाड ओळखायचा कसा? रात्री आकडे बंद आणि ऊन वर आल्यावर पुन्हा सुरू, असे होत असेल तर बॅटरी किंवा सोलर प्लेट. दिवस-रात्र केव्हाही तुटक येत असतील, तर रेंज, अँटेनाची वायर किंवा तिच्या जोडात शिरलेले पाणी. आणि तापमान, आर्द्रता बरोबर येते, धो-धो पावसात पाऊस तेवढा शून्य, तर वीज आणि रेंज दोन्ही ठीक आहेत असे समजा. नरसाळ्यात पाला नाहीतर मुंग्यांचे घर सापडेल.

आमच्याकडच्या एका केंद्राचे तीन रात्रींचे आकडे कोरे आले. तंत्रज्ञाने दुपारी एक वाजता बॅटरी मोजली, तेरा व्होल्ट! म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे. अहो, भर उन्हात चार्जिंग चालू असताना ती ठणठणीत दिसणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोजली, तर साडेअकराही नाही. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साडेबाराच्या वर हवी. नोंद घ्यायला वीज अगदी थोडी लागते, पाठवायला मात्र एकदम जास्त. त्यामुळे दुबळी बॅटरी नोंद घेत राहते आणि पाठवायच्या वेळी मान टाकते. कारण शोधले तर काय? शेजारची सुबाभूळ वाढून प्लेटवर दुपारनंतर सावली पडत होती, वर पक्ष्यांची घाण. फांदी तोडली, प्लेट पुसली, बॅटरी बदलली. तिन्ही रात्रींचा पाऊस यंत्राच्या आठवणीत शाबूत होता. तो वायर लावून काढून घेतला.

ही आठवण मर्यादित असते. जागा भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. म्हणून आकडे कोरे दिसले की त्याच दिवशी कृषी कार्यालयात लेखी कळवा. तारीख, वेळ आणि ऊन होते की ढग, हेही लिहा. कुंपणाबाहेरून प्लेटवर सावली किंवा घाण दिसते का, तेवढे पाहा. पेटी मात्र उघडू नका. सील तुटले की त्या नोंदींवर शंका घ्यायला वाव मिळतो.