कवटीची आडवी रेघ

दातांची ठेवण सुधारण्यासाठी आलेल्या रुग्णाच्या डोक्याचा एका बाजूने क्ष-किरण काढतात. त्यावर काही बिंदू मांडून, ते जोडून, रेघांमधले कोन मोजले जातात आणि 'वरचा जबडा पुढे आहे', 'खालचा मागे आहे' अशी निदाने केली जातात. प्रसंगी या निदानावर दात काढण्याचा किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय ठरतो. पण पुढे किंवा मागे, ते कशाच्या? त्यासाठी कवटीतली एखादी रेघ स्थिर मानावी लागते. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, माणसांनी ठरवलेली आहे. आणि ती ठरली तेव्हा दंतवैद्यकाचा विचारही कोणाच्या मनात नव्हता.

प्रारंभ अठराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये सापडतो. शरीरशास्त्रज्ञ पेट्रस कांपर (१७२२–१७८९) चित्रकलाही जाणत होता. येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांच्या चित्रांत कृष्णवर्णी राजाचा चेहरा युरोपीयच असतो, फक्त रंग काळा, हे त्याला खटकले. फरक नेमका कशात आहे, हे पाहण्यासाठी त्याने कानाच्या छिद्रापासून नाकाच्या तळापर्यंत एक रेघ घेतली आणि कपाळापासून दातांपर्यंतची रेघ तिच्याशी किती अंशांचा कोन करते, ते मोजले. त्याचा हा ग्रंथ मृत्यूनंतर, १७९१ साली प्रसिद्ध झाला. सर्व मानव एका कुळाचे, असे कांपर स्वतः मानत असे. पुढच्यांनी मात्र त्याच्या कोनाची शिडी केली आणि मानववंशांना तिच्या पायऱ्यांवर बसवले. पायाची रेघ थोडी कलती केली की कोन बदलतो, ही साधी गोष्ट या उत्साहात मागे पडली.

एकोणिसाव्या शतकात कवट्या मोजणारे वाढले आणि रेघाही वाढल्या. पॅरिसमधल्या पॉल ब्रोकाची आडवी पातळी वेगळी, जर्मन अभ्यासकांची वेगळी. त्यामुळे एकाची मापे दुसऱ्याला निरुपयोगी. अखेर १८८२ साली फ्रांकफुर्ट येथे जर्मन मानवशास्त्रज्ञांच्या संमेलनात एक समझोता झाला, तो १८८४ मध्ये छापला गेला. दोन्ही कर्णरंध्रांच्या वरच्या कडा आणि डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेचा सर्वांत खालचा बिंदू यांतून जाणारे प्रतल आडवे धरायचे, असे ठरले. हेच 'फ्रांकफुर्ट प्रतल'. संग्रहालयातल्या कोरड्या कवट्यांची तुलना करणे, एवढेच त्याचे काम होते.

याच परंपरेच्या एका केंद्रात आपल्या इरावती कर्वे जाऊन पोहोचल्या. १९२८ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या विषमतेवर, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकावर, प्रबंध लिहिला. ही विषमता वंशाशी निगडित असावी, असे फिशर यांचे गृहीत होते. इरावतीबाईंच्या मोजमापांनी त्याला दुजोरा दिला नाही. विषमता सर्वच गटांत आढळली आणि वंशाचा संबंध दिसला नाही. 'युगान्त'च्या लेखिकेचे हे धैर्य आपल्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते. (भारतात परतल्यावर मोजपट्टी त्यांनीही सोडली नाही, हेही सांगायला हवे.)

१९३१ साली अमेरिकेतील क्लीव्हलंडचे ब्रॉडबेंट आणि जर्मनीतले होफ्राट यांनी स्वतंत्रपणे डोके पक्के धरून क्ष-किरण काढण्याची पद्धत मांडली. जिवंत, वाढत्या मुलांचे चेहरे वर्षानुवर्षे मोजता येऊ लागले. नवे यंत्र आले, रेघ मात्र जुनीच. १९४८ मध्ये डाउन्स यांनी आपले विश्लेषण फ्रांकफुर्ट प्रतलावरच उभारले. कोरड्या कवटीवर बोटाने चाचपता येणारी कर्णरंध्राची कड क्ष-किरणात दाट हाडाच्या सावलीत बुडते. म्हणून पुष्कळदा यंत्राच्या कानात घातलेल्या कांडीची वरची कडच कानाची कड म्हणून धरली जाई, आणि या दोहोंत काही मिलिमीटरांचे अंतर पडू शकते. खोबणीही दोन असल्याने त्यांच्या सावल्या जुळत नाहीत.

१९५३ साली स्टायनर यांनी दुसरी रेघ पुढे केली: कवटीच्या तळातल्या खोगिरासारख्या खळग्याच्या मध्यापासून नाकाच्या मुळापर्यंत. दोन्ही बिंदू मध्यरेषेवरचे आणि स्पष्ट दिसणारे. अडचण वेगळीच निघाली. ही रेघ प्रत्येक माणसात वेगवेगळी कलते. खोगीर खाली असले की कोन लहान येतो आणि दोन्ही जबडे आपल्या जागी असूनही मागे गेल्यासारखे दिसतात. दोष रेघेचा, शिक्षा जबड्याला. प्रमाणभाषा शिकवताना मला हे उदाहरण अनेकदा आठवते. वऱ्हाडी 'किती हटली' ते आपण पुण्याच्या रेघेवरून मोजतो.

शिवाय वाढीबरोबर नाकाचे मूळ पुढे सरकते, खोगिराची हाडेही झिजतात, भरतात. डेन्मार्कच्या ब्यर्क यांनी मुलांच्या जबड्यांत धातूच्या बारीक खुणा बसवल्या, तेव्हा बाहेरून स्थिर दिसणारा जबडा आत चांगलाच फिरलेला असतो, हे उघड झाले.

१९५८ मध्ये मूरीज आणि कीन यांनी ब्रोकाचीच एक जुनी कल्पना नव्याने घेतली: माणूस सरळ उभा राहून समोर पाहतो, ती डोक्याची नैसर्गिक स्थिती. रुग्णाला आरशात स्वतःच्या डोळ्यांत पाहायला सांगायचे आणि चित्रात गवंड्यासारखा ओळंबा सोडायचा. आधार आता कवटीबाहेरचा, गुरुत्वाकर्षणाचा. मला हा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो. तोही निर्दोष नाही, कारण नाक चोंदलेले मूल मान मागे टाकते आणि तेच माणूस दुसऱ्या वेळी अंश-दोन अंश वेगळे उभे राहते.

आता त्रिमितीय स्कॅन आले आहेत आणि तिथेही डोके सरळ करायला फ्रांकफुर्ट प्रतल वापरले जाते. प्रतलाला तीन बिंदू पुरतात, आणि दोन कान व दोन खोबणी मिळून होतात चार. इरावतीबाईंनी मोजलेल्या विषमतेमुळे हे चार एका पातळीत बसतीलच असे नाही. मग एक सोडावा लागतो. बहुधा उजव्या डोळ्याचा सोडतात.