घरातील छुपी बुरशी

घरातील छुपी बुरशी म्हणजे भिंती, छत, फरशी किंवा फर्निचर यांच्या मागील बाजूस, सहज दृष्टीस न पडणाऱ्या ओलसर जागी वाढणारी कवके होत. अस्परजिलस, पेनिसिलियम आणि क्लॅडोस्पोरियम या प्रजाती घरांत विशेष आढळतात.

कारणे आणि आढळ

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांची वाढ होणे वा न होणे मुख्यतः पाण्यावर ठरते. प्लायवूड, कागद, कापड, चामडे, इतकेच नव्हे तर भिंतीवर साचलेली धूळही त्यांना अन्न म्हणून पुरते. मुंबई, कोकण व गोवा येथे पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता बहुधा 80 टक्क्यांच्या वर राहते. कपाटातील चपलांवर व पुस्तकांवर आलेली बुरशी लगेच दिसते. मात्र न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीतील कपाटाची पाठ, फॉल्स सीलिंगची वरची बाजू, ओट्याखालील कोपरा किंवा वातानुकूलन यंत्राचा आतील भाग अनेक महिने तपासला जात नाही. कुबट वास, रंगाला आलेले फुगे आणि गिलाव्याचे पोपडे ही तिची नेहमीची चिन्हे होत. भिंतीवर फुटणारा पांढरा लोणा पुष्कळदा बुरशी समजला जातो. तो क्षारांचा थर असून पाण्यात विरघळतो. तथापि भिंतीत ओल असल्याची खूण म्हणून तोही दुर्लक्षणीय नाही.

आरोग्यावरील परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनविकार, अ‍ॅलर्जी व दम्याची लक्षणे अधिक आढळतात, असे त्यांत नमूद आहे. बुरशीच्या प्रमाणाची सुरक्षित मर्यादा मात्र त्यांत ठरवून दिलेली नाही. लहान मुले, दमेकरी आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना धोका अधिक असतो.

‘काळ्या बुरशी’विषयी अतिरंजित समजही आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे 1990 च्या दशकात तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतील रक्तस्रावाचा संबंध स्टॅकिबोट्रिस या काळ्या बुरशीशी जोडला गेला होता. 2000 साली झालेल्या फेरतपासणीत तो सिद्ध झाला नसल्याचे सांगण्यात आले. भारतात 2021 मध्ये कोविडच्या रुग्णांत पसरलेला म्युकरमायकोसिस ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखला गेला, पण त्यास कारणीभूत कवके भिंतीवरील काळ्या डागांहून वेगळी आहेत.

निर्मूलन

पाण्याचा उगम बंद केल्याशिवाय कोणतीही साफसफाई टिकत नाही. भिजलेल्या वस्तू 24 ते 48 तासांत वाळवणे इष्ट असते. सुमारे एक चौरस मीटरपर्यंतचा भाग हातमोजे व मुखपट्टी वापरून, साबणाच्या पाण्याने घासून कोरडा करता येतो. बुरशी शिरलेले प्लायवूड वा गादी सहसा टाकूनच द्यावी लागते. डागांवर थेट रंग देणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी उपाय होय. ब्लीचमध्ये अमोनियायुक्त द्रव मिसळल्यास विषारी वायू तयार होतो.

दुरुस्तीची जबाबदारी

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी व बाहेरील सामाईक नळांची गळती यांची दुरुस्ती संस्थेने, तर सदनिकेतील शौचालय, मोरी इत्यादींची अंतर्गत गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करावयाची असते. छतातील ओल वरच्या न्हाणीघरातून येते की सामाईक नळातून, यावर पुष्कळदा वाद अडतो आणि तो मिटेपर्यंत खालच्या सदनिकेतील कुटुंब त्याच ओलीत राहते.