स्वरांची हस्तविभागणी : संहिता आणि वादन

पियानोवरील अवघड जागी एका हातासाठी लिहिलेले काही स्वर दुसऱ्या हाताने घेण्याची प्रथा वादकांत रूढ आहे. तीमुळे मूळ संहितेस बाध येतो काय, याचा निर्णय त्या त्या कृतीच्या इतिहासावरूनच करावा लागतो.

बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही कृती १७४१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील ३० व्हेरिएशन्सपैकी ११ पट्ट्यांच्या दोन रांगा असलेल्या हार्प्सिकॉर्डसाठी आहेत, असा स्पष्ट निर्देश मूळ प्रतीतच आहे. तेथे दोन्ही हात एकाच स्वरक्षेत्रात, पण निरनिराळ्या रांगांवर निर्वेधपणे फिरतात. पियानोला रांग एकच. त्यामुळे हात एकमेकांवर आदळतात. येथील फेरवाटणीने वाद्यभेदातून उद्भवलेली अडचण तेवढी दूर होते. दोन्ही स्वरधारा स्वतंत्र ऐकू आल्या म्हणजे रचनेचा हेतू साधतो.

बेथोव्हनच्या १८२२ मध्ये पूर्ण झालेल्या ओपस १११ या सोनाटाची गोष्ट निराळी आहे. आरंभीच डावा हात सप्तकाच्या अंतरावरील दोन स्वर एकत्र वाजवून तसाच खाली मोठी झेप घेतो. उजवा हात त्या क्षणी मोकळा असतो. म्हणून काही वादक ही झेप दोन हातांत वाटून घेतात. स्वर तेच राहतात; परंतु झेपेतील धोका व त्यातून निर्माण होणारा ताण नाहीसा होतो. उजवा हात मोकळा असताही ती एकट्या डाव्या हाताकडे सोपविलेली आहे, ही गोष्ट अनवधानाची मानता येत नाही.

म्हणूनच फेरवाटणी सुचविण्यापूर्वी मूळ वाटणीचे कारण वाद्यात होते की रचनेत, हे संपादकाने व अध्यापकाने तपासणे अगत्याचे ठरते.