आईबाप, गांजा आणि बाजार



गांजा ही वस्तू आपल्याला परकी नाही. बैराग्याची चिलीम आणि महाशिवरात्रीची भांग आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आहे. ब्रिटिश सरकारने 1893 साली या पदार्थांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने देशभर हिंडून 1,193 साक्षी नोंदविल्या आणि 1894 साली अहवाल दिला. बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, म्हणून सरसकट बंदी न घालता कर आणि नियंत्रण ठेवावे, असे त्याचे मत पडले. पुढे अमेरिकेत गांजाचा कैवार घेणाऱ्यांनी हा अहवाल वारंवार पुढे केला.

परंतु एक प्रश्न त्या आयोगाच्या काळी उभाच राहिलेला नव्हता. हाच पदार्थ भांडवल घालून, मुद्दाम तीव्र करून, जाहिरातीने विकायला निघाला आणि त्याचे गिऱ्हाईक तेरा वर्षांचे मूल असले, तर काय करायचे? हा प्रश्न अमेरिकेतल्या काही आईबापांनी विचारला. त्यांच्या चळवळीचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. कारण सामान्य माणसांनी उभारलेली चळवळ कशाने वाढते आणि कशाने खचते, याचा तो धडा आहे.

प्रथम पार्श्वभूमी. 1930 नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेच्या सरकारने, विशेषतः हॅरी अ‍ॅन्सलिंगर या अधिकाऱ्याने, गांजाविषयी भडक प्रचार केला. गांजा ओढणारा माणूस खुनी होतो, वेडा होतो, अशा कहाण्या पसरविल्या. 1960 नंतरच्या तरुण पिढीने स्वतः गांजा ओढून पाहिला आणि आपण खुनी झालो नाही, हे तिला दिसले. मग सरकारच्या कोणत्याच शब्दावर तिचा विश्वास राहिला नाही. भय दाखवून केलेल्या अतिशयोक्तीचे फळ हे असे येते.

1972 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीच नेमलेल्या शेफर आयोगाने, स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्यास गुन्हेगार मानू नये, अशी शिफारस केली. निक्सन यांनी ती फेटाळली. परंतु 1973 साली ओरेगॉन राज्याने ती वाट धरली आणि 1978 पर्यंत अकरा राज्यांनी थोडा गांजा बाळगण्याबद्दलची तुरुंगाची शिक्षा काढली किंवा सौम्य केली. 1977 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीही एक औंसापर्यंतचा गांजा बाळगणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा राहू नये, असा संदेश काँग्रेसला पाठविला. वारा कुठल्या दिशेने वाहत होता, हे यावरून कळेल.

अशा वेळी, 1976 च्या ऑगस्टमध्ये, जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात एका घरी तेरा वर्षे पुरी होणाऱ्या मुलीचा वाढदिवस होता. मुलांचे वागणे आईबापांना वेगळे वाटले. पाहुणी मुले गेल्यावर दोघांनी बॅटरी घेऊन अंगण धुंडाळले, तर गवतात गांजाच्या विड्यांची थोटके आणि दारूच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. या आईचे नाव कीथ शूशार्ड. इंग्रजी साहित्याच्या त्या विदुषी होत्या. त्यांनी पोलिसांना बोलावले नाही की मुलीला कोंडून घातले नाही. वाढदिवसाला आलेल्या मुलांच्या आईबापांना त्यांनी एकत्र बोलाविले.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. आम्ही युनियनचे काम करणारी माणसे. मालक कामगाराला एकेकटा गाठतो आणि सांगतो, "बाकी सगळ्यांनी मान्य केले आहे, तूच तेवढा अडून बसला आहेस." घरातले मूलही आईला हेच सांगते : "बाकी सगळ्यांच्या घरी चालते." एकेकट्या आईला हे खरे वाटते. सगळ्या आया एका खोलीत बसल्या की हे कोणाच्याच घरी चालत नाही, हे उघड होते. शूशार्डबाईंच्या बैठकीत ठरले ते अगदी साधे होते. मुलांनी घरी परतण्याची वेळ सर्वांची एकच असावी, ज्या घरी वडीलधारे माणूस नाही तेथे समारंभ होऊ नये, आणि आईबापांनी एकमेकांपासून काही लपवू नये. यात कायदा नव्हता, देणगी नव्हती, पुढारी नव्हता. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला शब्द होता. संघटनेचा जन्म असाच होतो.

अमली पदार्थांविषयीच्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख डॉ. रॉबर्ट ड्यूपाँट यांना शूशार्डबाईंनी पत्र लिहिले. हे गृहस्थ तेव्हा शिक्षा सौम्य करण्याच्या बाजूचे होते. ते अटलांटाला आले, त्यांनी आईबापांचे म्हणणे ऐकून घेतले आणि पुढे आपले मत जाहीरपणे बदलले. याच संस्थेने 1979 साली शूशार्डबाईंचे एक मार्गदर्शक पुस्तक मार्शा मॅनट या नावाने प्रसिद्ध केले. त्याच्या लाखो प्रती घरोघर गेल्या.

त्याच शहरात स्यू रूश या बाईंनी दुसरी आघाडी उघडली. गांजा ओढण्याची साधने विकणारी दुकाने तेव्हा राजरोस चालत. त्यांत पोरांच्या खेळण्यांसारखी साधनेही असत. फेकून झेलायच्या चकतीतच धूर ओढण्याची सोय केलेली असे. रूशबाईंनी 1977 साली कुटुंबांची संघटना बांधली आणि 1978 साली जॉर्जियाच्या विधिमंडळाने अशा साधनांच्या विक्रीविरुद्ध कायदे केले. इतर राज्यांनी तेच केले. दुकानदार न्यायालयात गेले. परंतु मार्च 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉय राज्यातील एका गावाचा असाच नियम उचलून धरला. 1980 साली देशभरच्या पालकसंघांचा एक महासंघही उभा राहिला.

याचा परिणाम काय झाला? 1978 साली शाळेच्या शेवटच्या वर्गातील 10.7 टक्के मुले रोज गांजा ओढत. म्हणजे साधारण नवांत एक. 1992 साली हे प्रमाण 1.9 टक्क्यांवर आले. सारे श्रेय पालकांचे, असे आम्ही म्हणणार नाही. काळही बदलत होता. परंतु आईबापांनी उभे केलेले लोकमत यामागे होते, हे नाकारता येणार नाही.

आता त्यांच्या भीतीत तथ्य किती, ते पाहू. गांजातील नशा आणणारे द्रव्य, टीएचसी, 1964 साली इस्रायलमध्ये मेकूलम आणि गाओनी यांनी वेगळे काढले. पुढे कळले की मेंदूच्या पेशींवर या द्रव्याला धरून ठेवणाऱ्या जागाच आहेत, कारण मेंदू स्वतःही तशाच जातीचे द्रव्य बनवितो. 1992 साली त्या द्रव्याला शास्त्रज्ञांनी नाव दिले ते आपल्या 'आनंद' शब्दावरून, आनंदामाइड. वाढत्या वयात मेंदूची जुळणी चालू असते आणि तिच्यात या द्रव्याचे काम असते. त्याच वेळी बाहेरून टीएचसीचा मारा झाला, तर जुळणीत बिघाड संभवतो.

स्वीडनमध्ये 45,570 तरुणांची सैन्यभरतीच्या वेळी नोंद करून पुढे पंधरा वर्षे माग ठेवला गेला. पन्नासाहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचे प्रमाण सहापट आढळले. हा अभ्यास 1987 साली प्रसिद्ध झाला. 2019 साली युरोप आणि ब्राझीलमधील अभ्यासात, रोज तीव्र गांजा घेणाऱ्यांस मनोविकृतीचा धोका जवळजवळ पाचपट दिसला. गांजा घेणाऱ्या शंभरांत सुमारे नऊ जणांना त्याचे व्यसन जडते. कोवळ्या वयात सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सहांत एक इतके असते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुनाट वेदना आणि कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ यांवर या द्रव्यांचा उपयोग होतो, हे 2017 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने मान्य केले; त्याच अहवालाने मनोविकाराशी असलेला संबंधही मान्य केला.

मग ही चळवळ खचली कशाने? आमच्या मते, सरकारने तिला कडेवर घेतल्याने. 1981 नंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी तिला आश्रय दिला. प्रसिद्धी आली, पैसा आला. परंतु शेजाऱ्यांची बैठक मागे पडून घोषणा पुढे आली. 1986 साली अमली पदार्थांचा कठोर कायदा झाला आणि तुरुंग भरू लागले. आईबापांनी मागितले होते मुलांचे रक्षण; सरकारने त्यांच्या हाती दिला पोलिसाचा दंडुका. तो पडला कोणाच्या पाठीवर? 2010 च्या आकडेवारीनुसार, गोरे आणि काळे जवळजवळ सारख्याच प्रमाणात गांजा घेत असताना, गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याचा संभव गोऱ्याच्या 3.73 पट होता. या अन्यायाविरुद्ध लोकांच्या मनात जो न्याय्य संताप साठला, त्यावर स्वार होऊन दुसरीच मंडळी आली.

ती मंडळी म्हणजे भांडवलदार. 1996 साली कॅलिफोर्नियाने औषध म्हणून गांजाला परवानगी दिली. 2012 साली कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी मौजेसाठीही दिली आणि 1 जानेवारी 2014 रोजी कोलोरॅडोत दुकाने उघडली. 2023 अखेर अशी राज्ये चोवीस झाली. ओहायोचे उदाहरण बोलके आहे. 2015 साली तेथे मतदारांपुढे जो ठराव आला, त्यात व्यापारी लागवड फक्त दहा ठरावीक जागांवर व्हायची होती आणि त्या जागा होत्या प्रचाराला पैसा पुरविणाऱ्या गुंतवणूकदारांच्या! मक्तेदारी थेट राज्यघटनेत लिहायची होती. प्रचारासाठी गांजाच्या बोंडाचे डोके लावलेले एक सोंग कॉलेजांतून फिरविले गेले. पालक खवळले आणि सुमारे 64 टक्के मतदारांनी ठराव हाणून पाडला. परंतु पैसा थकत नाही. 2023 साली वेगळ्या रूपात मान्यता मिळालीच.

माल तोच राहिला नाही, हेही ध्यानात घ्या. 1995 च्या सुमारास तिकडे पकडलेल्या गांजात टीएचसी सुमारे 4 टक्के असे, 2014 साली ते 12 टक्के होते. आणि आता विकल्या जाणाऱ्या अर्कांत ते कित्येक पटींनी अधिक असते. गांजा गोळ्या-चॉकलेटांच्या रूपाने घरात आला. सहा वर्षांखालील मुलांनी ते चुकून खाल्ल्याच्या 207 घटना 2017 साली विषबाधा-केंद्रांकडे नोंदल्या गेल्या होत्या. 2021 साली 3,054.

आमचे काही मित्र म्हणतील की या धंद्याने कामगारांना रोजगार दिला, आणि तिकडच्या युनियनने त्यांची संघटनाही बांधली आहे. ते खरे आहे, आणि युनियनने तेच केले पाहिजे. परंतु जानेवारी 2022 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात होलियोक येथील गांजा दळण्याच्या कारखान्यातली एक कामगार स्त्री दम्याने मरण पावली. दळलेल्या गांजाची भुकटी तिच्या फुप्फुसांत जात होती. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांची छाती कशी भरते, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना अधिक सांगायला नको. नफा हिरव्या पानाचा असो वा पांढऱ्या सुताचा, धूळ कामगाराच्याच वाट्याला येते.

आज तिकडे आईबाप पुन्हा उभे राहत आहेत. त्यांत काही असे आहेत, ज्यांची मुले या नशेपायी मनोविकारात सापडली. नोव्हेंबर 2024 मध्ये फ्लोरिडातील ठरावाला सुमारे 56 टक्के मते पडली. आवश्यक होती 60 टक्के. ठराव पडला. नॉर्थ आणि साउथ डकोटा या राज्यांतही तो पडला. या नव्या चळवळीतील शहाणी माणसे जे सांगतात, तेच आम्हांला पटते. ओढणाऱ्याला तुरुंग नको, त्याला उपचार द्या. आणि विकणाऱ्याला बाजार नको. पहिला अर्धा भाग विसरला, तेव्हा चळवळीने गरिबांची मुले गमावली. दुसरा अर्धा विसरला, तर सगळ्यांचीच जातील.

आपल्या देशात 1985 च्या कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे. भांगेच्या पानांना तेवढी सूट आहे. परंतु कायदा आहे म्हणून आईबापांनी निश्चिंत राहावे, असे अटलांटाचा इतिहास सांगत नाही. तेथेही 1976 साली कायदा होताच. अंगणातली थोटके कायद्याला दिसली नव्हती, ती आईला दिसली. आणि ती दिसल्यावर तिने पहिली हाक मारली ती शेजारणीला.